सॅच्युरेशन ९६ आहे, मग डॉक्टर सिरियस का म्हणतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांना न्यूमोनिया झाला म्हणून कळवणहून नाशिकला आणलं, आता ते आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहेत. रोज संध्याकाळी डॉक्टर पाच-दहा मिनिटं बोलतात. त्यातलं ‘दोन सपोर्ट चालू आहेत’, ‘क्रिएटिनिन वाढतंय’, ‘सिडेशनवर आहेत’, ‘प्रोग्नोसिस गार्डेड’ एवढंच कानावर राहतं. मॉनिटरवर मात्र सॅच्युरेशन ९६ आणि बीपी ११०-७० दिसतं. आकडे चांगले आहेत, मग सिरियस का म्हणतात? आणि या शब्दांचा अर्थ काय?

मी डॉक्टर नाही. आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे आणि माझी सगळी नोकरी नाशिकच्या आयसीयूंमध्येच झाली. तुमच्या वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे ते बरे होतील की नाही यावर मी काही बोलणार नाही. पण आकड्यांचा हा घोळ दाराशी उभ्या असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरच्या माणसाचा होतो. मॉनिटर आकडा दाखवतो. तो आकडा टिकवायला किती आधार द्यावा लागतोय, हे मॉनिटर दाखवत नाही. तुम्ही आकड्याकडे बघत असता आणि डॉक्टर आधाराबद्दल बोलत असतात.

ऑक्सिजनचं बघा. सॅच्युरेशन म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलाय तो आकडा. आपण घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. व्हेंटिलेटरवर तो २१ पासून १०० टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. त्या टक्केवारीला एफआयओटू म्हणतात आणि ती मॉनिटरवर नाही, व्हेंटिलेटरच्या पडद्यावर असते. एका माणसाचं सॅच्युरेशन ४० टक्क्यांवर ९६ आहे, दुसऱ्याचं ९० टक्क्यांवर ९६ आहे. मॉनिटरवर दोघं सारखेच. पण पहिल्याची कदाचित दोन-तीन दिवसांत तोंडातली श्वासाची नळी काढायची गोष्ट निघेल, आणि दुसऱ्याच्या खाटेपासून आम्ही लांब जात नाही.

त्याच पडद्यावर दुसरा आकडा असतो, पीप. श्वास बाहेर सोडल्यावरही फुफ्फुसात थोडा दाब शिल्लक ठेवतात, म्हणजे आतल्या हवेच्या पिशव्या मिटत नाहीत. साधारण ५ ने सुरुवात होते. १०-१२ च्या पुढे गेला तर फुफ्फुसं कडक झाली आहेत, सहज उघडत नाहीत, असं समजा. डॉक्टर ‘एबीजी’ म्हणतात ती धमनीतल्या रक्ताची तपासणी. मनगटावर सुई टोचतात किंवा तिथे आधीच नळी लावलेली असते, ती आर्टेरियल लाइन. त्या रिपोर्टमधला ऑक्सिजनचा आकडा एफआयओटूने भागला की ‘पी-एफ रेशो’ मिळतो. समजा त्या रिपोर्टमध्ये ऑक्सिजनचा दाब ८० आला (हा सॅच्युरेशनचा आकडा नव्हे). तो ४० टक्के एफआयओटूवर आला असेल तर ८० भागिले ०.४, म्हणजे २००. तोच आकडा ८० टक्के एफआयओटूवर आला असेल तर ८० भागिले ०.८, म्हणजे १००. निरोगी माणसाचा हा आकडा ४०० च्या वर असतो, ३०० च्या खाली गेला की फुफ्फुसाची तक्रार धरतात आणि १०० च्या खाली म्हणजे फार गंभीर. भागाकार तुम्ही करू नका, पण ‘पी-एफ किती आहे, काल किती होता?’ असं विचारलंत तर डॉक्टर नक्की सांगतील.

व्हेंटिलेटर ऑक्सिजन तयार करतो असा एक समज असतो. तसं नाही. ऑक्सिजन बाहेरच्या टाकीतून भिंतीतल्या पाइपमधून दाबाने येतो, व्हेंटिलेटर तो हवेत मिसळून ठरलेल्या प्रमाणात आत ढकलतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून गळती होऊन हा दाबच पडला आणि ऑक्सिजनवरचे किमान २२ रुग्ण गेले, हे नाशिककर विसरलेले नाहीत.

आता ‘सपोर्ट’. हा शब्द आम्ही फार ढिला वापरतो. कोणी ऑक्सिजनला सपोर्ट म्हणतं, कोणी व्हेंटिलेटरला. पण ‘दोन सपोर्ट चालू’ असं ऐकलंत तर बहुतेक वेळा ती रक्तदाब टिकवणारी औषधं असतात. जंतुसंसर्गाने सगळं शरीरच बिथरलं, म्हणजे सेप्सिस झाला आणि तो वाढला, की रक्तवाहिन्या सैल पडतात आणि दाब कोसळतो. ही औषधं त्या आवळून धरतात. पहिलं बहुधा नॉरअ‍ॅड्रिनलिन, तेवढ्याने भागलं नाही तर व्हेसोप्रेसिन किंवा अ‍ॅड्रिनलिन. ‘इनोट्रोप’ आणि ‘व्हेसोप्रेसर’ हे शब्दही याच कुटुंबातले. यासाठी मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाखाली मोठ्या शिरेत नळी, म्हणजे सेंट्रल लाइन टाकतात, कारण हे औषध हाताच्या बारीक नसेतून बाहेर झिरपलं तर तिथली कातडी काळी पडू शकते.

मॉनिटरवर ११०-७० च्या शेजारी कंसात आणखी एक आकडा असतो, तो मीन, म्हणजे सरासरी दाब. ११०-७० ला तो ८३ च्या आसपास येतो. आम्ही खरं लक्ष ठेवतो ते या मीनवर, तो ६५ च्या खाली जाऊ नये म्हणून औषध कमीजास्त करतो. म्हणजे बीपी ११० दिसतंय ते आम्ही ठेवलंय म्हणून दिसतंय. औषध दहा मिनिटं बंद केलं तर किती राहील, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पंपात आहे.

पंपाबद्दल एक सावधगिरी. खाटेशेजारी स्टँडवर ५० मिलिच्या सिरिंज लावलेले पंप असतात, त्यावर तासाला किती मिलि जातंय तो आकडा झळकतो. हुशार नातेवाईक तो वाचायला लागतात. काल १० होता, आज ५ आहे, म्हणजे औषध निम्मं झालं, म्हणून पेढ्यांची भाषा सुरू होते. पण पाणी कमी द्यायचं असेल तर आम्ही त्याच सिरिंजमध्ये औषध दुप्पट भरतो, ‘डबल स्ट्रेंथ’ म्हणतो, आणि वेग निम्मा करतो. डोस तोच राहतो. म्हणून पंप वाचू नका. विचारा: ‘कालच्यापेक्षा सपोर्टचा डोस वाढला की कमी झाला?’

हे एकदा लक्षात आलं की बाकीचे आकडेही वेगळे दिसायला लागतात. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, किडनी मंदावली की तो वाढतो. डायलिसिसनंतर क्रिएटिनिन खाली येतं, ते यंत्राने आणलेलं असतं, किडनी सुधारली म्हणून नव्हे. प्लेटलेट चढवल्यावर आकडा वाढतो, तो दात्याच्या प्लेटलेटचा. ताप उतरला, पण पॅरासिटामॉल किती वाजता दिलं होतं? किडनीचं खरं वर्तमान लघवीच्या पिशवीत असतं. आम्ही ती दर तासाला मोजतो. वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला अर्धा मिलि, म्हणजे ६० किलोच्या माणसाला निदान ३० मिलि हवी. क्रिएटिनिन मागून धावतं, किडनीला फटका बसल्यावर ते वाढायला एक-दोन दिवस लागतात. म्हणून ‘लघवी किती होतेय, औषधाशिवाय होतेय की लॅसिक्स (लघवी वाढवणारं औषध) देऊन?’ हा प्रश्न जास्त कामाचा.

शुद्धीबद्दलचे शब्द सगळ्यात जास्त घोळ घालतात. सिडेशन म्हणजे नळी सोसावी म्हणून दिलेलं गुंगीचं औषध: मिडाझोलाम, फेंटानिल, प्रोपोफॉल वगैरे. त्याच्यावर असलेला माणूस हाक मारल्यावर डोळे उघडत नाही, म्हणजे तो कोमात आहे असं नाही. बऱ्याच ठिकाणी सकाळी हे औषध थोडा वेळ थांबवून बघतात, त्याला ‘सिडेशन हॉलिडे’ म्हणतात. त्या वेळी त्यांनी डोळे उघडले का, हात दाबला का, हे विचारा. काचेबाहेरून स्वतः अंदाज बांधू नका.

आणि ‘पॅरालाइज केलंय’ हे ऐकलंत तर घाबरू नका. तो लकवा नव्हे. फुफ्फुसं फार खराब असतील तर माणसाचा स्वतःचा श्वास आणि व्हेंटिलेटरचा श्वास एकमेकांशी भांडतात. तेव्हा काही वेळापुरते स्नायू ढिले करणारं औषध देतात, ते थांबवलं की हालचाल परत येते. अशा वेळी सिडेशनही पुरेसं ठेवतात. चांदवडकडच्या एका काकूंना ‘पेशंटला पॅरालाइज केलंय’ एवढंच कोणीतरी घाईत सांगितलं. डॉक्टरांनी काकांना लुळं केलं, असा निरोप गावात पोचला आणि संध्याकाळी दोन जीप भरून माणसं आली. त्यांची चूक कुठे होती, सांगा.

जीसीएस हा शुद्धी मोजायचा आकडा. १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी तो बसवला, जी ग्लासगोचाच. डोळे, बोलणं आणि हालचाल यांना गुण देतात. तो १५ पैकी असतो, पण सुरुवात शून्यापासून होत नाही. काहीच प्रतिसाद नसला तरी ३ मिळतात. ‘१५ पैकी ३ तरी आहेत’ असा दिलासा घेणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून सांगते. दुसरं म्हणजे तोंडात नळी असलेला माणूस बोलू शकत नाही, आणि सिडेशनवरचा तर हलतही नाही. त्या दिवसांतल्या जीसीएसवरून फार काही ठरत नाही.

पॉझिटिव्ह, निगेटिव्ह हे शब्द इथे उलटे चालतात. कल्चर पॉझिटिव्ह म्हणजे रक्तात, थुंकीत किंवा लघवीत जंतू वाढले. त्यातून कुठलं अँटिबायोटिक चालेल ते कळतं, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतातच, कितीही पैसे भरले तरी. ‘बॅलन्स पॉझिटिव्ह आहे’ म्हणजे शरीरात गेलेलं पाणी बाहेर आलेल्यापेक्षा जास्त आहे, अंगावर सूज चढतेय. पुढच्या टप्प्यावर ‘निगेटिव्ह बॅलन्स’ ऐकलंत तर बहुधा बरी बातमी असते. बिलिंग काउंटरवरचा बॅलन्स वेगळा, तो कधीच चांगला नसतो.

‘स्टेबल’ म्हणजे बरा नव्हे, तर काल होता तिथेच आहे. ‘क्रिटिकल बट स्टेबल’ म्हणजे धोका कायम, पण गेल्या काही तासांत आणखी खाली गेला नाही. ‘हीमोडायनॅमिकली स्टेबल’ म्हणजे फक्त नाडी आणि रक्तदाब ठीक, मेंदू-फुफ्फुसांबद्दल त्यात एक अक्षर नाही. ‘प्रोग्नोसिस’ म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज, आणि तो ‘गार्डेड’ म्हणजे डॉक्टरांना खात्रीने चांगलं सांगता येत नाही आणि वाईटही ठरलेलं नाही. माझं मत विचाराल तर हा शब्द घरच्यांशी बोलताना वापरूच नये. त्याने डॉक्टरांची सुटका होते, ऐकणाऱ्याची होत नाही. तुम्ही सरळ विचारा: ‘तुमच्या वडिलांना असं झालं असतं तर तुम्ही आज काय धरून चालला असता?’ बरेच डॉक्टर या प्रश्नावर खुर्ची ओढून बसतात.

व्हेंटिलेटर लागला म्हणजे संपलं, असं तुमच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी म्हणालं असेलच. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडून मण्यार चावलेली माणसं येतात. रात्री जमिनीवर झोपलेली असतात, दंश कळतही नाही, सूज नसते. पहाटे पापण्या उचलत नाहीत, मग गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थांबतात. सापाच्या विषावरची लस देऊन व्हेंटिलेटरवर ठेवायचं आणि विष उतरायची वाट बघायची. काही दिवसांनी त्यातली बरीच माणसं चालत घरी जातात. त्यांचं फुफ्फुस चांगलं असतं, फक्त हलवणारे स्नायू बंद असतात. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षपट्ट्यातून कीटकनाशकाच्या विषबाधेचे रुग्ण येतात, त्यांचंही पुष्कळदा असंच. तेव्हा व्हेंटिलेटर का लागला, हे आधी विचारा. न्यूमोनियात फुफ्फुसच आजारी असतं, म्हणून तिथे वेळ जास्त लागतो आणि खात्री कमी असते. मण्यारवाल्या रुग्णाचे डोळे उघडत नाहीत पण त्याला सगळं ऐकू येत असतं, हे माहीत नसल्यामुळे खाटेशेजारी उभं राहून लोक जमिनीच्या वाटणीपर्यंत बोलतात.

मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवतात, ही शंकाही मनात असेल तर बोलून टाका. हृदय थांबलं की व्हेंटिलेटर ते चालवू शकत नाही, तो फक्त हवा ढकलतो. मॉनिटरवर सरळ रेघ येते, शरीर गार पडतं, ते लपवता येत नाही. ‘ब्रेन डेड’ ही स्थिती मात्र वेगळी: मेंदूचं खोड कायमचं बंद, श्वास यंत्राचा, हृदय अजून चालू. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यात ती ठरवायला चार डॉक्टरांचं मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी सांगितली आहे. कोणी नुसतं तोंडी ‘ब्रेन डेड वाटतंय’ म्हणालं तर ‘तपासणी झाली आहे का?’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दिवस लांबले तर ‘ट्रॅकी’ हा शब्द येईल, म्हणजे ट्रॅकिऑस्टोमी. तोंडातली नळी काढून गळ्याला छोटं छिद्र करून नळी बसवतात. साधारण आठवडा-दोन आठवडे उलटले की हा विचार होतो. लोक याला भितात, पण त्याने सिडेशन कमी लागतं, तोंड साफ ठेवता येतं. गरज संपली की नळी काढतात आणि छिद्र बहुतेक वेळा आपोआप भरून येतं. ‘वीनिंग’ म्हणजे व्हेंटिलेटर हळूहळू सोडवणं. ‘एसबीटी’ म्हणजे अर्धा ते दोन तास जवळजवळ स्वतःच्या दमावर श्वास घेऊ देऊन बघणं. त्यात नापास झाले तर उद्या परत घेतात.

आता सह्यांचे कागद. ‘डीएनआर’चा अर्थ इतकाच की हृदय थांबलं तर छाती दाबून, शॉक देऊन ते परत सुरू करायचा प्रयत्न करायचा नाही. अँटिबायोटिक, जेवण, वेदनाशामक, स्वच्छता, सगळं चालूच राहतं. चालू असलेलं व्हेंटिलेटर काढणं ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याची परवानगी दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, तरी डॉक्टरांच्या दोन मंडळांचं मत त्यात लागतंच. कोणा एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून ते होत नाही.

‘डामा’ किंवा ‘लामा’ लिहिलेल्या कागदावर सही करताना मात्र दहादा विचार करा. त्याचा अर्थ, डॉक्टरांचा सल्ला नसताना आम्ही आमच्या जबाबदारीवर नेतोय. पैसे संपले म्हणून कितीतरी लोक हाच कागद करतात, कारण दुसरा रस्ता कोणी सांगितलेला नसतो. पैशांचीच अडचण असेल तर ‘डिस्चार्ज नको, रेफर करा’ म्हणा. त्याआधी हॉस्पिटल महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, आणि तुमचा आजार त्यात बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. नसेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला किंवा योजनेतल्या दुसऱ्या रुग्णालयात व्हेंटिलेटरची खाट रिकामी आहे याची फोनवर खात्री करून मगच हलवा. १०८ ला फोन करताना रुग्ण व्हेंटिलेटरवर आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. त्यांच्या रुग्णवाहिका मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, एएलएस (अ‍ॅडव्हान्स्ड, जास्त यंत्रांची) आणि बीएलएस (बेसिक, साधी), आणि व्हेंटिलेटर एएलएसमध्येच असतो.

संध्याकाळच्या भेटीला घरातला एकच माणूस ठरवा आणि रोज तोच जाऊ द्या. रोज नवा काका आला की डॉक्टर पहिल्यापासून सुरू करतात आणि दहा मिनिटं तिथेच जातात. वहीत चार गोष्टी लिहा: एफआयओटू, सपोर्टचा डोस, चोवीस तासांची लघवी, सिडेशन थांबवल्यावर काय दिसलं. पुढे कालच्यापेक्षा वर की खाली, एवढाच बाण. तीन दिवसांच्या बाणांनी जे कळतं ते मॉनिटरकडे तासभर बघून कळत नाही. शब्द अडला तर तिथेच थांबवा. महाराष्ट्रभरच्या डॉक्टर-नर्सना पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच म्हसरूळला आहे, पण शिकवणं सगळं इंग्रजीत, त्यामुळे मराठी डॉक्टरलाही मराठीत सांगायला क्षणभर शोधावं लागतं. शोधू द्या. घरातले मोठे अहिराणीच बोलत असतील तर तेही सांगा. आमच्यात बागलाण-मालेगावकडची एखादी सिस्टर किंवा मावशी असतेच. ‘मना बाप कसा शे?’ला तिच्याकडून मिळालेलं उत्तर जास्त कळतं.

आणि वडील जागे व्हायला लागले की एक गोष्ट होऊ शकते, तिची तयारी ठेवा. बरीच म्हातारी माणसं आयसीयूत काही दिवस भ्रमात जातात. ‘डेलिरियम’ म्हणतात त्याला. नळ्या ओढतात, भिंतीवर मुंग्या दिसतात, मुलालाच चोर म्हणतात. डोक्यावर परिणाम झाला असं समजू नका, बहुतेकांचं हे ओसरतं. रात्रंदिवस दिवे, अलार्म, तुटलेली झोप आणि गुंगीची औषधं, यांचाही त्यात मोठा हात असतो. भेटीच्या वेळी स्वतःचं नाव, आज कुठला वार, आपण नाशिकला आहोत, हे दर वेळी शांतपणे सांगा. त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र असेल तर ते घरी ठेवू नका, डबीवर नाव लिहून ड्यूटीवरच्या सिस्टरच्या हातात द्या आणि वहीत नोंद करून घ्या. दाताची कवळी मात्र नळी निघेपर्यंत घरीच बरी.